इरुकनारचं टिंब

भाताची लावणी, म्हणजे आमच्याकडचे रोवणे, सुरू झाले की मला रेघा दिसायला लागतात. गोंडपिपरीहून चंद्रपूरला जाणाऱ्या लाल गाडीच्या खिडकीतून बांध्यांमध्ये वाकलेल्या बाया दिसतात. डोक्यावर खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ, पोटऱ्यांपर्यंत चिखल, हातात पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची, जुडी. त्या मागे मागे सरकत जातात आणि त्यांच्यासमोर हिरव्या रोपांची ओळ उभी राहत जाते. परवा शेजारच्या सीटवरचे एक गुरुजी म्हणाले, "काय डोळे निवतात, नाही?" मी मान हलवली. माझे डोळे निवत नव्हते. मी त्या ओळींमधली कुठली डावीकडून उजवीकडे उतरते आहे, ते शोधत होते.

तशी एक रेघ मी ओढली आहे. आलेखाच्या कागदावर, निळ्या पेन्सिलीनं, पट्टी अंगठ्यानं घट्ट दाबून. तिच्याखाली मी एक वाक्य लिहिलं होतं, एकही खाडाखोड नसलेलं. इतकं नीटनेटकं वाक्य मला पुन्हा कधी जमलं नाही, आणि जमू नये अशीच माझी इच्छा आहे.

आमच्या घरात देव नव्हते, पत्रकं होती. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा रिकामा झाला, आणि त्या फळीवर बाबांनी पत्रकांचे गठ्ठे रचले. बाबा चंद्रपूरला परकोटाच्या आत एका लहानशा छापखान्यात खिळे जुळवायचे. सभेचं, मोर्च्याचं, संपाचं, बुवाबाजीविरुद्धचं, जे काही छापलं जाई त्याची एक प्रत घरी येई. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. त्यातल्या एका पत्रकाचा मथळा बाबा येता-जाता म्हणायचे, "मोजल्याशिवाय मानायचं नाही." शेजारच्या घरात पोराला ताप आला आणि मांत्रिक धूप घेऊन बसला, तेव्हा बाबा ताप मोजायची काच घेऊन त्या घरात शिरले होते. शाईनं काळी झालेली बोटं, आणि त्या बोटांत ती चकचकीत काच. मांत्रिक उठून गेला. मला वाटलं, जगातली सगळी अंधारी घरं अशीच मोकळी होणार आहेत. फक्त मोजणारं माणूस आत शिरायला हवं.

म्हणून मी संख्याशास्त्र घेतलं.

कॉलेजच्या खिडक्यांवर कोळशाची काळी भुकटी बसायची, आणि आमचे सर तिच्यावरच बोटानं आलेख काढायचे. पुस्तकात तिला समाश्रयण रेषा म्हणतात, सर नुसतं 'रेघ' म्हणायचे. आधी टिंबं मारायची. एका टिंबात दोन गोष्टी असतात, आडवी किती आणि उभी किती. मग सगळ्या टिंबांच्या मधून, त्यांच्या जास्तीत जास्त जवळून जाणारी एक रेघ ओढायची. तिचा उतार म्हणजे, आडव्या दिशेनं एक पाऊल टाकलं की सरासरीनं तुम्ही किती चढता किंवा किती उतरता. "पण पाऊल कशाचं ते सांगा," सर ओरडायचे. "वर्षाचं, किलोचं, मैलाचं? एककाशिवाय उतार म्हणजे बेवारस प्रेत!" आणि मग आवाज खाली आणून, जवळजवळ स्वतःशीच, "रेघ टिंबांबद्दल बोलते. टिंब कागदावर कसं आलं, ते तिला माहीत नसतं. ते तुम्ही विचारायचं."

परीक्षेत प्रश्न आला, 'उताराचा अर्थ सांगा. दोन गुण.' मी पाऊल लिहिलं, एकक लिहिलं, सरासरी लिहिलं. शेवटचं ते हळू आवाजातलं वाक्य लिहिलं नाही. त्याला गुण नव्हते. मला दोनपैकी दोन मिळाले.

गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन तेव्हा दोनेक वर्षंच झाली होती. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं हवं होतं, आकडेसुद्धा. एका कचेरीत मला पावसाळ्यापुरतं काम मिळालं. पत्र्याचं छप्पर, भिंतींना ओल, टेबलावर हँडल फिरवायचं आकडेमोडीचं यंत्र. फिरवलं की खर्र-खर्र आणि शेवटी टण्. मला तो आवाज फार आवडायचा. मला वाटायचं, हा न्यायाचा आवाज आहे.

काम असं होतं. कुसुमघाट या गावी आरोग्य केंद्र, आणि त्याच्या भोवती जंगलात विखुरलेली बावीस गावं. त्या गावांसाठी एक नवं उपकेंद्र मंजूर झालं होतं. म्हणजे एक खोली, एक नर्स, आणि हिवतापाच्या कडू गोळ्यांचा डबा. नर्सनं बारा महिने त्याच गावात राहायचं. ते कुठे द्यायचं, हे ठरत नव्हतं. एक गाव होतं सडकटोला, कुसुमघाटापासून तीन किलोमीटर, डांबरी रस्त्यावर. तिथे एका वजनदार ठेकेदाराचं घर होतं. दुसरं होतं इरुकनार. इरुक म्हणजे तिथल्या आदिवासींच्या बोलीत मोहाचं झाड आणि नार म्हणजे गाव. सगळ्यांत दूर, एकवीस किलोमीटर, मध्ये जंगल आणि एक नाला.

साहेबांनी मला बोलावलं. "कोणी म्हणायला नको की ठेकेदाराच्या दबावानं दिलं. शास्त्रशुद्ध करा."

साहेब वाईट माणूस नव्हते. हे मी मुद्दाम सांगते, कारण वाईट माणसाला शिव्या देऊन मोकळं होता येतं. ते शिपायाला 'अहो' म्हणायचे, आणि माझ्या टेबलावर छप्पर गळायचं तिथे त्यांनी स्वतः बादली आणून ठेवली होती.

मी नकाशावर दोरा ठेवून प्रत्येक गावाचं केंद्रापासूनचं अंतर काढलं. केंद्राच्या रजिस्टरातून प्रत्येक गावचे तापाचे रुग्ण घेतले, शंभर माणसांमागे किती ते काढलं. इरुकनारसमोर कचेरीचा तो गोल, गुबगुबीत शब्द होता, 'निरंक'. म्हणजे काही नाही. मी शून्य लिहिलं. खर्र-खर्र, टण्. कुसुमघाटच्या डोक्यावर रेघ चाळीसपाशी सुरू झाली आणि उतरत गेली. मी खाली वाक्य लिहिलं: 'केंद्रापासूनचे अंतर एक किलोमीटरने वाढले की तापाचे प्रमाण सरासरीने शंभरामागे दोनने कमी होते.'

पाऊल होतं. एकक होतं. सरासरी होती. दोनपैकी दोन.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग पेन्सिलीचं टोक रेघेवरून शेवटपर्यंत नेलं. "एकवीस किलोमीटरला रेघ शून्याच्या खाली गेली की हो. उणे दोन! म्हणजे इरुकनारला शंभरामागे उलट दोन माणसं बरी होतात!" सगळी कचेरी हसली. मीही हसले. मी किती हसले ते मला नक्की आठवतं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी ते ओढणीनं पुसलं होतं.

"जंगलातली हवा," साहेब म्हणाले. "सडकेच्या कडेला डबकी, गर्दी, मच्छर. बरोबरच आहे. उपकेंद्र सडकटोल्याला."

श्रावणातली उघडीप पडली की अजून माझ्या नाकात एक वास येतो. ओल्या सागाच्या पानांचा, आणि भिजून पुन्हा वाळलेल्या माझ्याच कपड्यांचा. फाइलीत 'प्रत्यक्ष पाहणी केली' अशी एक ओळ हवी होती, म्हणून नाला उतरल्यावर मला सुमनबाईंबरोबर इरुकनारला पाठवलं. सुमनबाई केंद्राच्या नर्स, मूळच्या गोंडपिपरीच्या, चाळिशीच्या, चपला हातात आणि छत्री काखेत घेऊन चालणाऱ्या. नाल्यावर आम्हांला न्यायला इरुकनारचा दसरू आला होता. काटक, कमी बोलणारा.

तासभर चालल्यावर मी विचारलं, "अजून किती दूर आहे, भाऊ?"

"आता तं सुकं हाय. सात खांदे."

"म्हणजे किती किलोमीटर?"

"ते तुमाले माहीत."

सुमनबाई हसल्या. "आजारी मानूस कसा आनते माहीत हाय का तुले? बाज उलटी करते, पाय वर. दोरीनं बांबूले टांगते, अन् दोघं खांद्यावर घेते. खांदा भरून आला का दुसरे दोघं. एका दमात जेवढं चालनं होते, तो एक खांदा. इरुकनार ते केंद्र, सुक्यात चौदा खांदे."

"पान्यात वीस," दसरू म्हणाला. "चिखलात खांदा लवकर मरते."

"आनि नाला भरला तं?" मी सुमनबाईंच्याच बोलीत विचारलं. चंद्रपूरची पोरगी मी, तेवढं येत होतं.

"मंग नाई मोजत. परत येतो."

"पोरीच्या नकाशात नाला बाराही महिने सुकाच असते," सुमनबाई म्हणाल्या, आणि चिखलातून पाय उपसत पुढे गेल्या.

इरुकनार म्हणजे तीसेक घरं. जवळजवळ प्रत्येक घरात चुलीशेजारी कोणीतरी घोंगडीत गुंडाळून पडलेलं होतं. ऐन रोवण्याचे दिवस, आणि बांध्यांत पऱ्हे तसेच पिवळे पडून राहिलेले, कारण रोवायला हात नव्हते. सुमनबाई बोटं टोचत गेल्या, काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेत गेल्या, मी नावं लिहीत गेले. काचपट्ट्या संपल्या. माणसं संपली नव्हती.

शेवटचं घर दसरूचं. त्याची बायको मैनी, उंच, रुंद खांद्यांची, आवाज असा की पलीकडच्या टेकडीवरचं जनावर मान वळवून बघेल. बाज निघाली की पुढे मैनी चालायची. कोणाचा श्वास कसा चालला आहे ते ऐकत, आणि नेमक्या वेळी ओरडत, "बदला!" खांदे तीच मोजायची. घोंगडीत तिचा म्हातारा सासरा थरथरत होता.

"तुम्ही केंद्रात का येत नाही?" मी विचारलं. माझ्या आवाजात बाबांच्या पत्रकांचा रुबाब होता.

"गेलो का नाई!" मैनी म्हणाली. "दोनदा गेलो. एकदा नाल्यापासून परत. एकदा पोचलो तं डाक्टर नाई, कुलूप."

"मग नोंद?"

"आमाले लिवता येत नाई, बाई. तुमाले येते."

तिची नजर माझ्या थैलीतल्या गुंडाळीवर होती. "तो मोठा कागद कायचा?"

मी उलगडला. का उलगडला, कोण जाणे. बहुतेक अजून अभिमान शिल्लक होता.

"यात आमचं गाव कुठी हाय?"

मी उजव्या टोकाचं, तळाच्या रेघेला चिकटलेलं टिंब दाखवलं.

"इतलं खाली काऊन?"

"वर म्हणजे ताप जास्त. खाली म्हणजे ताप कमी. अगदी खाली म्हणजे..."

"ताप नाई," सुमनबाईंनी वाक्य पुरं केलं.

दसरूनं ते गावाच्या बोलीत सांगितलं. मग मैनी हसायला लागली. तिच्यामागून दारात जमलेले सगळे. मैनीनं सासऱ्याची घोंगडी हलवली. "उठ बा! कागदात लिवलं हाय, तुले ताप नाई!" म्हातारा दातांवर दात आपटत तसाच हसला. कचेरीत झालेलं हसू आणि हे हसू, दोन्ही माझ्याच एका वाक्यावर. त्या दिवसापासून मला कोणी मनापासून हसलेलं फारसं सहन होत नाही.

हसू थांबल्यावर मैनीनं विचारलं, "मंग हे टिंब वर कधी जाईन?"

"तुमचे आजारी केंद्रात आले, रजिस्टरात लिहिले गेले, की वर जाईल."

"अन् वर गेलं तं?"

"नर्सबाई इथे राहायला येईल."

ती टिंबाकडे बघत राहिली, एखाद्या बाजेचं वजन किती असेल ते अजमावावं तशी.

रेघेचा उतार खोटा नव्हता. अजूनही कोणी ते टेबल, ते यंत्र, ती बावीस गावं मला आणून दिली तर तोच उतार येईल. केंद्रापासून दूर गेलं की कमी होत होती ती नोंद. माणूस जितका दूर, तितकं त्याचं आजारपण रजिस्टरापर्यंत पोचणं अवघड. म्हणजे ती रेघ तापाची नव्हतीच. ती रस्त्याची, नाल्याची, कुलपाची रेघ होती. आणि ती तळाला टेकत होती तिथे सगळ्यांत जास्त माणसं थरथरत होती. 'तापाचे प्रमाण' लिहिलं त्या जागी 'नोंदीचे प्रमाण' लिहिलं असतं, तर तोच कागद इरुकनारची बाजू घेऊन उभा राहिला असता. मी मोजल्याशिवाय मानलं नव्हतं. मोजलं, आणि मग जे मानायला नको तेच मानलं. बाबांच्या पत्रकात याबद्दल काही छापलेलं नव्हतं.

परत आल्यावर मी साहेबांपुढे उभी राहिले. "सर, माझं वाक्य चुकलं आहे. ताप कमी होत नाही. नोंद कमी होते."

"आकडे तुमचे?"

"हो."

"रेघ तुमची?"

"हो."

"मग गाव बघून आल्यावर रेघ बदलली का?"

"रेघ तीच आहे, सर. अर्थ बदलला."

"रेघ तीच असेल तर फाइलही तीच राहू द्या," साहेब म्हणाले. मग माझा चेहरा पाहून, मायेनं म्हणाले, "हे बघा, पुढच्या पावसाळ्यात अजून एक उपकेंद्र मिळायचं आहे. गावात जाऊन घेतलेली नावं धरता येत नाहीत, केंद्राच्या रजिस्टरात त्या गावाची नोंद येऊ द्या. नोंद आली की मी स्वतः सही करतो."

सडकटोल्याची खोली उभी राहिली. तिच्या पडवीत उन्हाळ्यात ठेकेदाराची तेंदूपानांची पोती रचलेली मी स्वतः पाहिली. राग आला. राग मला लहानपणापासूनच चांगला येतो. आणि राग आला की आमच्या घरात एकच गोष्ट करतात.

मी पत्रक लिहिलं. मथळा, 'नोंद म्हणजे हक्क!' रविवारी छापखाना बंद असताना बाबा ते जुळवायला बसले.

"हे वाचनार कोन?" त्यांनी विचारलं.

"नर्सबाई वाचून दाखवतील."

"मंग शब्द कमी कर. आयकनाऱ्याले मांगं जाऊन वाचता येत नाई."

मी शब्द कमी केले. 'प्रत्येक आजारी माणूस केंद्रात न्या. रजिस्टरात नाव लिहून घ्या. थांबू नका.' मूळ मजकुरात अजून एक ओळ होती, 'नाला भरलेला असल्यास उतरेपर्यंत वाट पाहावी.' ती मी खोडली. तिच्यामुळे पत्रकाचा जोर जात होता. बाबांनी जुळवलेले खिळे चिमट्यानं उचलून परत खणांत टाकले, एकेक अक्षर. त्या टक-टक आवाजात मी पुढचं वाक्य आणखी धारदार करत होते.

दुसऱ्या वर्षीचे रोवणे. कचेरीनं मला पुन्हा पावसाळ्यापुरतं घेतलं होतं. पिवळ्या कागदावरचं पत्रक सुमनबाईंनी इरुकनारात वाचून दाखवलं, आणि मैनीनं ते गावाचं काम करून टाकलं. ताप कमी असो, जास्त असो, ज्याला थंडी वाजली त्याला बाजेवर घालायचं. रोवणारी माणसं चिखल सोडून बांबू खांद्यावर घेऊ लागली. वीस खांदे म्हणजे एका दिवसात होत नाही. कुसुमघाटात कोणाच्या तरी पडवीत मुक्काम करायचा, आणि सकाळी केंद्राच्या खिडकीपाशी उभं राहायचं. रजिस्टरात मैनी उभी राहून नाव लिहून घ्यायची. वाचता येत नव्हतं, तरी शाई वाळेपर्यंत हलायची नाही.

हे सगळं सुमनबाई मला सांगायच्या. मी खूश होते. टिंब वर सरकणार होतं. या वेळी मी टिंब कागदावर कसं येतं हेसुद्धा बघितलं होतं, असं मला वाटत होतं.

हंगाम संपत आला तेव्हा केंद्रातून रजिस्टर आलं. इरुकनारसमोर, 'निरंक'.

मी पानं उलटली. नावं होती. मैनीच्या सासऱ्याचं नाव होतं, मी स्वतः आदल्या वर्षी ज्यांची नावं लिहिली त्यांतली कितीतरी होती. सगळी कुसुमघाटाखाली. रजिस्टर सुमनबाई नाही, केंद्राचा कारकून भरायचा, आणि नियमात होतं की गावाच्या रकान्यात आदल्या रात्रीचा मुक्काम लिहावा, कारण मच्छर रात्री चावतो आणि ताप कुठला ते त्यावरून कळतं. नियम करणारा माणूसही हुशारच असणार. त्यालाही कधीतरी दोनपैकी दोन मिळाले असणार.

दूरच्या गावांचं आजारपण जवळच्या टिंबात जाऊन बसलं होतं. मी यंत्र फिरवलं. डावं टोक वर चढलं, उजवं तळालाच राहिलं. रेघ गेल्या वर्षीपेक्षाही तीव्र उतरत होती. इरुकनारची माणसं जितक्या बाजा वाहत होती, तितका तो उतार त्यांच्या विरुद्ध वाढत होता. आणि साहेबांचं एव्हाना ठरत आलं होतं. दुसरं उपकेंद्र कुसुमघाटच्याच दुसऱ्या टोकाला, 'रुग्णसंख्येचा भार लक्षात घेता'. मी रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं, नावांवर बोट ठेवलं. ते म्हणाले, "नियम तुमच्या सोयीनं वाकवू का?"

त्याच आठवड्यात दसरू कचेरीत आला. एवढ्या दूर तो पहिल्यांदाच आला होता. दारात चिखलाचे पाय घासून पुसले आणि आत यायला कोणी सांगेपर्यंत उभा राहिला. मी त्याला माझ्या टेबलापाशी बसवलं. त्यानं कमरेच्या कापडातून पिवळं पत्रक काढलं. चार पदरी घडी, कडा भिजून विरघळलेल्या.

"मैनी गेली, बाई."

तापाच्या तिसऱ्या दिवशी ताप डोक्यात गेला होता. नाला भरलेला होता, पुजारी आणि म्हातारे म्हणत होते, दोन दिवस थांबा. मैनीच ऐकेना. "कागदात थांबा असं लिवलं नाई म्हने," दसरू म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नुसतं काय झालं ते.

बाज निघाली. आतून मैनीच खांदे मोजत होती, आतूनच ओरडत होती, "बदला!" अकरा खांद्यांवर नाला लागला. पाणी काठाच्या वर. माणसं काठावर उभी राहिली. मैनीला नाला कळत नव्हता. ती ठरल्या वेळी ओरडत होती, "बदला!" आणि ती ओरडली तेव्हा कोणी बांबू खाली ठेवला नाही. खांदा बदलला. तिथेच, एका जागी उभं राहून. पुन्हा "बदला!", पुन्हा दुसरे दोघं. वाट चालल्यासारखे.

"वीसचे वीस झाले, बाई," दसरू म्हणाला. "अकरा चालून, नऊ उभ्या उभ्या. मंग आवाज थांबला."

छपराचं पाणी बादलीत पडत होतं.

दसरूची नजर टेबलावरच्या कागदावर गेली. त्यानं तो ओळखला. "हा यंदाचा का?"

"हो."

"आता तं आमचं टिंब वर गेलं असन."

मी कागद ओढून घेण्याआधीच त्याचं बोट उजव्या टोकाला गेलं होतं, बरोबर त्याच जागी, जिथे वर्षभरापूर्वी त्याच्या बायकोला दाखवताना मी बोट ठेवलं होतं. टिंब तळालाच चिकटलेलं होतं.

"तिथीच हाय," तो म्हणाला.

मग त्याचं बोट हळूहळू रेघेवरून डावीकडे चढत गेलं, गावं मागे टाकत, अगदी वरच्या टिंबापर्यंत. तिथे थांबलं. त्या टिंबात त्याचा बाप होता, त्याचे शेजारी होते, मैनीनं शाई वाळेपर्यंत उभं राहून लिहून घेतलेलं प्रत्येक नाव होतं.

"हे कोनतं गाव?"

"कुसुमघाट."

"लय वर गेलं," दसरू म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर दया होती, खरीखुरी, दुसऱ्याच्या दुःखाची दया. "लयच ताप हाय त्याईले. त्याईले द्या नर्सबाई पहिले."

वर म्हणजे ताप जास्त, हे मीच त्याला शिकवलं होतं.